मदत हवी आहे: लिनक्सवर वायफायचं मॉड्यूल (ड्रायव्हर) आपोआप लोडच होत नाहीये, वैताग आलाय

बिनवायरीचा: मंडळी जरा अर्जंट आहे. पीसी चालू केला की वायफाय गायब. टर्मिनलमधे सुडो मॉडप्रोब (मॉड्यूल हाताने लोड करायची कमांड) मारलं की लगेच येतं, रात्रभर मस्त चालतं, रीस्टार्ट केलं की परत तेच. दोन दिवस झाले, आई सारखी विचारतेय नेट का नाही, आता तिला कुठे टर्मिनल शिकवू. लवकर सांगा.

चहाबाज: डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठला, कार्ड आतलं की यूएसबी, मॉड्यूल कुठलं? आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत का?

बिनवायरीचा: उबंटू २४.०४, यूएसबी डाँगल, रियलटेक ८८११सीयू. एलएसयूएसबीत (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) त्याचा आयडी ०बीडीए:सी८११ दिसतोय. मॉड्यूल आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू.

पेंगूकाका: सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) बंद करा, ९० टक्के वेळा तेच असतं.

चहाबाज: काका, तसं असतं तर हातानेही लोड झालं नसतं, सही नाही म्हणून तिथेच अडलं असतं.

एकओळवाला: इतकं काय त्यात, एटसीतल्या (सिस्टिमच्या सेटिंग्जचा फोल्डर) मॉड्यूल्स-लोड डॉट डी फोल्डरमधे फाईल टाक, आत मॉड्यूलचं नाव, बास. फक्त फाईलचं नाव डॉट कॉन्फने संपायला हवं, मी डॉट टीएक्सटी ठेवून अख्खा रविवार घालवला होता.

नेटकर: डाँगल ५ गिगाहर्ट्झला लाव, स्पीड जास्त मिळू शकतो.

चहाबाज: स्पीड विचारलाय कुणी?

बिनवायरीचा: एकओळवाला, केलं तसं, तरी नाही. जर्नलमधे (सिस्टिमच्या नोंदींत) त्या मॉड्यूलपुढे डिनाय-लिस्टेड असं काहीतरी आलंय.

चहाबाज: मग सापडलं की! डाँगल दिसलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) यूइव्हेंट म्हणजे सूचना सोडतो, त्यात मॉडअलायस म्हणजे उपकरणाची ओळख असते, यूडेव (उपकरणं हाताळणारा प्रोग्रॅम) ती घेऊन मॉड्यूल्स डॉट अलायस या यादीमधे जुळणारं मॉड्यूल शोधायला लावतो. ब्लॅकलिस्ट (आपोआप लोड करू नये अशा मॉड्यूल्सची यादी, तेच तुझं डिनाय-लिस्टेड) या वाटेवरच आडवी येते, आणि एकओळवाल्याची फाईल सिस्टेमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) वाचतो तोही ब्लॅकलिस्ट पाळतो. तू नाव घेऊन हाताने मॉडप्रोब करतोस तेव्हा मात्र ती कुणी विचारत नाही, म्हणून तुझं चालतंय. एटसीतल्या मॉडप्रोब डॉट डी मधे ग्रेप (फाईलींत शब्द शोधायची कमांड) मारून बघ.

बिनवायरीचा: आहे!! ८८२१सीयू डॉट कॉन्फ, आत "ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू". जुन्या उबंटूवर असताना नेटवरून एक ड्रायव्हर टाकला होता, नंतर काढला, ही फाईल त्याचीच दिसतेय.

चहाबाज: अरे मग हे पहिल्या पोस्टमधे नको का सांगायला?

बिनवायरीचा: मला वाटलं काढून टाकलंय तर काय संबंध.

पेंगूकाका: कर्नल ६.२ पासून त्यातच आहे हा ड्रायव्हर, बाहेरचा कशाला घेता तुम्ही लोक. असो. फाईल उडव आणि अपडेट-इनिटरामएफएस -यू पण मार, बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या त्या इमेजमधे जुनी कॉपी राहते कधीकधी.

बिनवायरीचा: दोनदा रीस्टार्ट केलं, आपोआप येतंय. थँक्स चहाबाज, थँक्स काका.

एकओळवाला: पण माझी पद्धतही बरोबरच होती हां. तुझी फाईल डॉट कॉन्फच होती ना नक्की?