वर्गणीच्या डब्यातून भरलेली ड्युटी

(ठाण्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप, सप्टेंबर २०२३, गणपती बसायला पाच दिवस; ड्युटीचे दर आणि नियम तेव्हाचे)

बी-२०४ खजिनदार काका: सी-४०२, तुझं जपानहून पार्सल आलं होतं दुपारी गेटवर. कुरिअरवाला ११,७५० रुपये मागत होता. तुझा फोन तीनदा लावला, लागेना. तो म्हणाला आज नाही घेतलं तर परत जाईल, म्हणून मी वर्गणीच्या डब्यातून दिले. आता डब्यात सुट्टे ४० रुपये आहेत आणि उद्या सकाळी मंडपवाला ॲडव्हान्सला येतोय.

सी-४०२: काका????

सी-४०२: ११,७५०??? अहो पेनच १२ हजाराचं आहे!

डी-३०३ काकू: १२ हजाराचं पेन 😳

बी-२०४ खजिनदार काका: मला काय माहीत पेन आहे. डबा केवढा मोठा. मला वाटलं कसलं तरी मशीन असेल.

सी-४०२: काका आधी थँक यू, पैसे लगेच पाठवतो. पण कोणीतरी सांगा हा आकडा आला कुठून. झालं असं की बाबा या ३० तारखेला रिटायर होतायत, ३४ वर्षं शाळेत, म्हणून जरा बरं फाउंटन पेन द्यायचं मनात होतं, इथे मिळणारं तेच पेन १९ हजाराला आणि जपानमधल्या एका छोट्या दुकानाच्या साइटवर १२ हजार, वर शिपिंग २ हजार, म्हणजे १४ मध्ये काम होतंय असा हिशोब करून मी कार्ड स्वाइप करून मोकळा झालो, कार्डवाल्याने साडेतीन टक्के मार्कअप लावला तोही सोडून दिला, आता हे धरून पावणेसव्वीस हजार झाले!! दुकानातून घेतलं असतं तर सात हजार वाचले असते आणि वॉरंटी पण मिळाली असती.

बी-६०२: भावा साइटवर लिहिलेलं असतं खाली बारीक अक्षरात, ड्युटी अँड टॅक्सेस नॉट इन्क्लुडेड

सी-४०२: लिहिलेलं होतं रे. मला वाटलं हजार-पाचशे असतील.

ए-५०१ आजी: माझी लेक लंडनला आहे ना, ती म्हणते तिकडे १३५ पाउंडापर्यंत व्हॅट साइटवरच घेतात, त्याच्या वर गेलं की मग दारात. आणि तिकडचं पोस्ट वर ८ पाउंड हाताळणीचे घेतं म्हणे, तिने ८ पाउंड भरून एक स्कार्फ सोडवला होता, स्कार्फ काही खास नव्हता.

डी-३०३ काकू: आमच्या न्यू जर्सीच्या भाच्याला तर ८०० डॉलरपर्यंत काहीच लागत नाही. आपल्याकडे ती लिमिट किती?

ए-१०१ आप्पा: शून्य.

ए-१०१ आप्पा: थांबा, लिहितो. चष्मा शोधतोय.

बी-६०२: आप्पा इज टायपिंग… आता चहा ठेवा सगळ्यांनी 😄

ए-१०१ आप्पा: न्हावाशेवाला क्लिअरिंगमध्ये ३० वर्षं काढली म्हणून सांगतो. विकत घेतलेल्या मालाला आपल्याकडे सूट नाही, पाचशे रुपयांचं असलं तरी ड्युटी लागू होऊ शकते. पोस्टाने आलेलं लहानसहान पाकीट कधी तसंच सुटतं, तो नशिबाचा भाग, नियम नव्हे. कुरिअरने आलेलं सहसा सुटत नाही कारण त्यांना प्रत्येक पार्सलची एंट्री करावी लागते. बाळा, तुला पार्सलसोबत एक कागद मिळाला असेल, त्याचा फोटो टाक. आणि वरचा पत्ता झाक.

सी-४०२: वॉचमन काकांकडून आत्ता घेतलं. मालाची किंमत १२,०००, फ्रेट २,०००, इन्शुरन्स १३५. मी तर इन्शुरन्स घेतलाच नव्हता! मग बीसीडी ४,९४७, एसडब्ल्यूएस ४९५, आयजीएसटी ५,४८२. खाली कुरिअरचा चार्ज ७०० आणि त्यावर जीएसटी १२६.

ए-१०१ आप्पा: बरोब्बर आहे. आता नीट बघ. ड्युटी नुसत्या पेनावर लागत नाही, पेन अधिक विमानाचं भाडं अधिक विमा या सगळ्यावर लागते, विम्याचा आकडा माहीत नसेल तर मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, ते तुझे १३५. झाले १४,१३५. वैयक्तिक वापराचा माल म्हणून कस्टमच्या यादीतल्या ९८०४ या एका हेडखाली सगळं कोंबतात, पेन असो नाहीतर तवा, त्याला ३५ टक्के बेसिक कस्टम ड्युटी, ती तुझी बीसीडी. त्या बेसिकच्या १० टक्के समाजकल्याण सरचार्ज, ते एसडब्ल्यूएस. आणि मग १४,१३५ मध्ये हे दोन्ही मिळवून जी बेरीज येते तिच्यावर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. म्हणजे टॅक्सवर टॅक्स. एकूण बसतं ७७.२८ टक्के. लोक ३५ अधिक २८ करून ६३ धरतात, तिथेच फसतात.

सी-४०२: मी तर १८ टक्के जीएसटी धरला होता 🤦

बी-२०४ खजिनदार काका: म्हणजे शिपिंगवर पण ड्युटी? भाड्यावर?

ए-१०१ आप्पा: होय. म्हणून स्वस्त वस्तू महाग कुरिअरने मागवू नये. विमानाचं भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत एवढीच दया.

डी-३०३ काकू: पण ते ७०० कसले मग?

ए-१०१ आप्पा: ते कंपनीचे. ड्युटी ती आधी सरकारला स्वतः भरते आणि मग दारात वसूल करते, त्या सेवेचे. प्रत्येकाचा दर वेगळा. पोस्टाने मागवलं असतं तर विदेशी टपाल बॅलार्ड इस्टेटला उतरून तिथेच कस्टम लागतं आणि पोस्टमन दारात ड्युटी घेतो, वरचे चार्ज बरेच कमी. फक्त वेळ लागतो. बाबांचा निरोप समारंभ होऊन गेला असता.

सी-४०२: दुकानदाराने मला मेलवर विचारलं होतं, पार्सलवर 'गिफ्ट' लिहू का. मी म्हटलं खरं लिहा, असो. आता वाटतं लिहायला सांगायला हवं होतं!

ए-१०१ आप्पा: बरं झालं नाही सांगितलंस. पूर्वी ५ हजारापर्यंतचं गिफ्ट बिनड्युटी यायचं, मग चिनी साइट्सनी प्रत्येक कपड्याला गिफ्ट म्हणून पाठवायला सुरुवात केली, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने गिफ्ट म्हणून बिनड्युटी आयात करणंच बंद केलं. सूट दोनच गोष्टींना, जीव वाचवणारी औषधं आणि राखी.

बी-६०२: राखी??

ए-१०१ आप्पा: नुसती राखी. सोबतचं गिफ्ट नाही.

बी-६०२: म्हणजे पेनाला दोरा बांधून पाठवलं असतं तर 😂

ए-५०१ आजी: तसं माझी लेक दर वर्षी पाठवते भावाला. चॉकलेट पाठवू नको असं मीच सांगितलं.

ए-१०१ आप्पा: आणि किंमत कमी लिहायला सांगणं तर त्याहून वाईट. साइट उघडून किंमत बघायला ऑफिसरला दोन मिनिटं लागतात. पकडलं तर दंड, आणि वाटेत हरवलं तर भरपाई तू लिहिलेल्या कमी किमतीचीच.

बी-६०२: माझा मामेभाऊ परवा म्हणत होता तिकडून ड्रोन मागवतो

ए-१०१ आप्पा: सांग त्याला मागवू नको म्हणून. फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरून ड्रोन आणायला बंदी आहे. तिथे ड्युटीचा प्रश्नच नाही, माल जप्त.

डी-३०३ काकू: मला मागच्या आठवड्यात मेसेज आला होता, तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, पत्ता अपुरा आहे, या लिंकवर २५ रुपये भरा. मी काही मागवलंच नव्हतं पण वाटलं मुलाने मागवलं असेल. भरायलाच बसले होते, कार्डाचा नंबर पण टाकला होता, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले.

सी-४०२: काकू कार्ड बंद करा आत्ताच!!

डी-३०३ काकू: केलं रे तेव्हाच. मुलगा खूप ओरडला.

ए-१०१ आप्पा: कस्टम कोणाच्या खाजगी खात्यात यूपीआय मागत नाही, फोन करून अटकेची धमकी तर मुळीच नाही. खऱ्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय बोर्डाच्या साइटवर टाकून तपासता येतो. खजिनदार साहेब, तुम्ही तरी गेटवर पैसे देण्याआधी कागद बघितलात का?

बी-२०४ खजिनदार काका: …

बी-२०४ खजिनदार काका: गणवेश घातला होता त्याने.

बी-६०२: 😂😂😂

सेक्रेटरी: वाद नको. यापुढे रोखीचं पार्सल आलं की मालकाशी बोलणं झाल्याशिवाय कोणी पैसे देणार नाही, वॉचमनलाही सांगतो. वर्गणीचा डबा एमर्जन्सी फंड नाही.

सी-४०२: आप्पा एक शेवटचं. मी घेतलंच नसतं तर? परत गेलं असतं तर वाचलो असतो ना?

ए-१०१ आप्पा: वाटतं तसं सोपं नसतं. कंपनीने ड्युटी भरलेली असेल तर ती तुझ्या मागे लागते, शिपिंगचे २ हजार दुकानदार देत नाही, वर परतीचं भाडं कापतो. आणि सरकारकडून भरलेली ड्युटी परत मिळवायची म्हणजे कागद घेऊन जितक्या फेऱ्या माराव्या लागतील तितक्यात तू एवढे पैसे पुन्हा कमावशील. मोठ्या साइटवर पैसे भरतानाच इम्पोर्ट फीज डिपॉझिट म्हणून आकडा दिसतो, तिथे निदान आधी कळतं तरी. छोट्या दुकानाला मेल करून विचारायचं, डीडीपी आहे का, म्हणजे ड्युटी तुम्ही भरणार का मी. नाही म्हणाला तर किंमत अधिक शिपिंग, गुणिले पावणेदोनच्या थोडं वर. मग ठरवायचं.

सी-४०२: १४ गुणिले पावणेदोन म्हणजे साडेचोवीस हजार. हे मला दोन आठवडे आधी कळायला हवं होतं.

सी-४०२: काका, मंडळाच्या खात्यावर ११,७५० पाठवलेत. आणि माझी यंदाची वर्गणी १,००१ वेगळी.

बी-२०४ खजिनदार काका: मिळाले. आता सांग, पेन दाखवणार का? एवढे पैसे मोजलेत तर मीही जरा पावती लिहून बघतो. तुझ्या वर्गणीची.

सी-४०२: या वर, बाबा क्लासवरून आठनंतर येतात, त्याआधी या. पण शाई भरलेली नाही अजून.

ए-१०१ आप्पा: अहो, पावतीपुस्तकात खाली कार्बन असतो. फाउंटन पेन दाबलं तर निब वाकेल आणि स्थळप्रतीवर काही उमटणार नाही.

बी-२०४ खजिनदार काका: हो की. मग येताना माझं बॉलपेन आणतो.