वेगवेगळ्या आकाराचे प्लॉट एकाच फिगरमध्ये कसे बसवायचे? सल्ला हवाय

रेघोट्या:
मंडळी, पेपरसाठी फिगर करतेय, पायथन आणि त्याची आलेख काढायची लायब्ररी मॅटप्लॉटलिब. डावीकडे मोठा हीटमॅप (आकडे रंगांत दाखवणारा), त्याला उजवीकडे चिकटून बारीकसा आडवा हिस्टोग्राम आणि खाली दोन छोटे लाइन प्लॉट, एवढंच हवंय. सबप्लॉट्स २ बाय २ दिलं तर चारही सारख्याच मापाचे येतात, म्हणून ॲड ॲक्सेसने डावं, खालचं, रुंदी, उंची असे आकडे हाताने देत बसले, ०.७२ की ०.७३ करता करता रात्रीचे दोन वाजले आणि एक लेबल लांब झालं तर सगळं परत एकमेकांवर चढलं. तुम्ही लोक काय वापरता? की सुटे प्लॉट काढून सरळ इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) जोडू?

जुना_खोडरबर:
इंकस्केप नको गं बाई. रिव्ह्यूअर एक रंग बदलायला सांगतो आणि आपण परत सगळं जोडत बसतो, मी दोनदा भोगलंय. मॅटप्लॉटलिबमधलंच ग्रिडस्पेक घे. ३ ओळी ४ कॉलमची जाळी कर आणि पायथनच्या स्लाइसिंगने हव्या तेवढ्या खिडक्या एकेका प्लॉटला दे. जाळीच कमीजास्त हवी असेल तर विड्थ रेशोज, हाइट रेशोज आहेतच.

चौकटराजा:
ग्रिडस्पेक चांगलंच आहे पण स्लाइस मोजताना माझा तरी हमखास एक आकडा चुकतो. सबप्लॉट मोझॅक बघा, मॅटप्लॉटलिब ३.३ पासून आहे. अक्षरांनी नकाशा काढायचा:

अअअब
अअअब
ककडड

अ हीटमॅप, ब हिस्टोग्राम, क आणि ड खालचे दोघं. परत डिक्शनरी मिळते, तिच्यात अ म्हटलं की हीटमॅपचा ॲक्सिस हातात. आणि हो, देवनागरी अक्षरं खरंच चालतात, फक्त काना-मात्रा लावू नका, 'का' म्हणजे त्याच्या लेखी दोन अक्षरं आणि मग ओळींची लांबी जुळत नाही म्हणून एरर. प्रत्येक अक्षराचा तुकडा आयताकृतीच हवा, एल आकार केलात तर तेही चालणार नाही. सोबत लेआउट कन्स्ट्रेन्ड द्या, लेबलं चढायची थांबतील.

पी_एक_पी_दोन:
आर भाषेत पॅचवर्क पॅकेज लावलं असतंत तर दोन प्लॉटमध्ये उभी रेघ, खाली हवा तर तिरकी रेघ, झालं काम. पण पायथनवाल्यांना कष्टच आवडतात त्याला काय करणार.

रेघोट्या:
@चौकटराजा मोझॅक जमलं!! पण दोन भानगडी. शेअर वाय (सामाईक वाय अक्ष) ट्रू केलं तर चारही प्लॉटचा वाय एकच झाला, खालचे लाइन प्लॉट पार चपटे. आणि कलरबार (रंग-आकड्यांची पट्टी) लावला की तो हीटमॅपमधूनच जागा खातो, हिस्टोग्राम मग चिकटून राहत नाही, मध्येच कलरबार येऊन बसतो.

चौकटराजा:
मोझॅकमध्ये ट्रू म्हणजे सरसकट सगळ्यांना. ते हटवा आणि काहीही रेखाटायच्या आधी फक्त ब वर शेअर वाय मेथड बोलवून तिला अ द्या. कलरबारला स्वतःची जागा द्या, नकाशात सगळ्यात वर एक ओळ वाढवा:

ररर.

टिंब म्हणजे रिकामी जागा. हाइट रेशोज ०.१, १, १, १ ठेवा, मग कलरबारला सीएएक्स (त्याची स्वतःची चौकट) म्हणून र द्या आणि ओरिएंटेशन हॉरिझाँटल. हीटमॅप इमशो फंक्शनने काढला असेल तर ॲस्पेक्ट ऑटो करा, नाहीतर पिक्सेल चौकोनी ठेवायच्या नादात तो आपल्या जागेत आखडतो आणि शेजाऱ्याशी उंची जुळत नाही.

जुना_खोडरबर:
आणि फिगसाइझ (फिगरचं माप) आधी ठरव, जाळी नंतर. पेपरमध्ये ७ इंच रुंद छापणार असतील तर ७ इंचच दे. १४ इंचाची काढून अर्धी केलीस की ८ पॉइंटचा फाँट ४ पॉइंटचा होतो, भिंग घेऊन वाचावं लागतं. सेव्ह करताना बीबॉक्स टाइट पण टाळ, ते कडा कापतं आणि ठरवलेलं माप बदलतं.

रेघोट्या:
ॲस्पेक्टचंच झेंगट होतं! दोन्हींची उंची आता तंतोतंत जुळली. बीबॉक्स काढल्यावर कळलं की माझी फिगर इतके दिवस ७ नाही, ६.६ इंचाची जात होती 🙈 आता फाँट बघते. सगळ्यांना धन्यवाद, आरवाल्यांनासुद्धा.