पाऊस, बिघाड आणि समोरून येणारे फोन नंबर (सोसायटी ग्रुप, फोंडा)

सी-२०४ (काकी): काल रात्रभर वीज नव्हती. आता कॉम्प्युटर सुरू होतो, पण बँकेची साईट उघडत नाही. लाल त्रिकोण आणि ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’. मोबाईलवर तीच साईट नीट चालते. व्हायरस शिरला का? कोणाला फोन करू?

ए-१०१ (कॉम्प्युटर दुरुस्ती): काकी, अजून कोणालाच फोन करू नका. स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?

सी-२०४: १ जानेवारी २०१५.

ए-१०१: मग व्हायरस नाही. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, नाण्याएवढी गोल बॅटरी असते, तिचा नंबर सीआर २०३२, ३ व्होल्टची. भिंतीतला प्लग चालू असतो तोवर घड्याळ मेनच्या विजेवर चालतं. वीज गेली की सगळा भार या बॅटरीवर. ती उतरलेली असली की तारीख मागे जाते, म्हणून हा बिघाड लांब वीज गेल्यानंतरच समोर येतो.

साईटचं सर्टिफिकेट, म्हणजे ती खरी असल्याचा दाखला, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच वैध असतं. तुमचा कॉम्प्युटर २०१५ मध्ये बसलाय, त्याच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. त्या पानावर बारीक अक्षरात एरर कोड असतो, त्याच्या शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’ दिसेल. कधी ब्राउझर सरळ ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असंही सांगतो.

सी-२०४: खाली ‘ॲडव्हान्स्ड’ असं बटण आहे. ते दाबून पुढे जाऊ?

बी-३०१ (बँकेत नोकरी): काकी, बँकेच्या साईटवर ते बटण कधीच दाबायचं नाही. तारीख बरोबर केल्यावरही तोच संदेश राहिला तर लॉगिन न करता थांबा. पत्ता टाइप करताना चूक झालेली असू शकते किंवा तुमच्या आणि बँकेच्या मधे कोणीतरी बसलेलं असू शकतं.

ए-१०१: आजचं काम भागवायला: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम. ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ बंद करा, हाताने आजची तारीख-वेळ घाला, टाइम झोन चेन्नई-कोलकाता-मुंबई, म्हणजे अधिक ५:३०. मग ऑटोमॅटिक परत चालू करून ‘सिंक नाऊ’. फरक वर्षांचा असला की नुसतं सिंक बऱ्याचदा होत नाही, म्हणून आधी हाताने.

पुढच्या वीज खंडितला हे परत होणार, तेव्हा बॅटरी बदला. दुकानात २०३२ च मागा. २०२५ दिसायला तशीच, पण जाडी २.५ मिमी. आपली ३.२ मिमी. पातळ बसवली की सैल राहते आणि तोच त्रास चालू.

बदलण्याआधी एक गोष्ट करा, ही बहुतेक जण विसरतात. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी मदरबोर्डची सेटिंग) जा आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो घ्या, खास करून ‘साटा मोड’ (डिस्कशी बोलायची पद्धत) आणि ‘बूट’ या पानांचा. बॅटरी काढली की जुन्या मशीनमध्ये सेटिंग मूळपदावर जातात. साटा मोड एएचसीआयचा आयडीई झाला की विंडोज निळी स्क्रीन दाखवून परत परत रीस्टार्ट होतं, आणि माणूस समजतो हार्ड डिस्क गेली. मोड पूर्वीचा केला की सगळं जागेवर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल.

बाकी काम सोपं. प्लग काढा, पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा, मागचे दोन स्क्रू, झाकण, क्लिप बाजूला. नवी बसवताना प्लसची बाजू वर.

डी-१०३: भाई, आमचा सुरू होतो पण स्क्रीन काळी आणि आत बीप बीप. आठवडाभर बंद होता.

ए-१०१: पावसात पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर उभ्या खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर. आपल्या हवेत ओल आहे आणि खाऱ्या वाऱ्याची जोड, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर बसतो. प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज जाईल. दोन्ही कडेच्या क्लिप उघडून रॅम काढा, पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या घासा, भुगा ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. बसवताना दोन्ही बाजूंनी ‘टक’ ऐकू यायला हवं. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. किती बीप म्हणजे काय हे प्रत्येक बायोस कंपनीचं वेगळं, त्यामुळे यूट्यूबवरचा एकच तक्ता धरून चालू नका. आणि पावसाळ्यात मशीन आठवड्यातून दोनतीनदा तासभर चालू ठेवा.

ए-२०२ (गुरुजी, शाळेत संगणक शिकवतात): गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत विद्यार्थ्यांना मिळालेली जुनी मशीन अजून काही घरांत आहेत, त्यांना हे सगळं तंतोतंत लागू. एक विचारतो: गडगडाट सुरू झाला की बटण बंद केलेलं पुरतं का?

ए-१०१: नाही गुरुजी, पिन बाहेर काढायची. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. शिवाय बटणातली फट काही मिलिमीटरची, विजेचा झटका ती सहज ओलांडतो. आपल्याकडे जास्त गडगडाट पावसाच्या तोंडाला मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरला. भर आषाढात त्यामानाने कमी.

इंटरनेटच्या फायबरची काच वीज वाहून नेत नाही हे खरं, पण राऊटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो आणि राऊटरमधून कॉम्प्युटरला जाणारी लॅन वायर तांब्याची. राऊटरला झटका बसला की त्याच वायरीने मदरबोर्डचा लॅन पोर्ट जातो. म्हणून दोन पिना आणि लॅन वायर, तिन्ही काढा. साधा एक्स्टेंशन बोर्ड म्हणजे झटका अडवणारा स्पाईक गार्ड नव्हे. खरा स्पाईक गार्डसुद्धा अर्थिंग नसेल तर निम्मंच काम करतो.

यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर मशीन चालवणारा डबा) असेल त्यांनी त्यावर लेझर प्रिंटर लावू नये. प्रिंटर तापताना कित्येकशे वॅट ओढतो, ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा, तो लगेच ओरडतो. दोनतीन वर्षांनी यूपीएस लगेच बंद पडू लागला तर नवा घेऊ नका, आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरीच बदला.

बी-१०४: तातडीचं आहे. सकाळपासून राऊटरवर लाल दिवा. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर मिळाला, तो माणूस आता लाईनवर आहे. एनीडेस्क टाका, नंबर सांगा म्हणतोय. टाकू का?

बी-३०१: फोन ठेवा. आत्ता. एनीडेस्कमधला नंबर दिलात की समोरचा दुरून तुमचा फोन बघू आणि चालवू शकतो.

बी-३०१: काही बोलत बसू नका, समजावू नका. फक्त ठेवा. ॲप टाकलंय का?

बी-१०४: टाकलंय, नंबर दिला नाही. ठेवला फोन.

ए-१०१: वाचलात. लाल दिव्याखाली ‘एलओएस’ लिहिलंय ना? त्याचा अर्थ फायबरमधून प्रकाश पोचत नाहीये. वायर वाकली, तुटली, उंदराने कुरतडली किंवा खांबावर झाड पडलं. हा बिघाड वायरीत आहे. तुमच्या मोबाईलची स्क्रीन बघून जगातला कोणताही इंजिनियर तो दुरुस्त करू शकत नाही. तो माणूस खोटा होता हे त्याच्या या एका मागणीवरून कळतं.

मागचा हिरवा कनेक्टर काढून परत टक आवाज येईपर्यंत बसवा. टोकात डोळा घालून बघू नका, आत लेझर आहे. पिवळी वायर कुठे काटकोनात दुमडलेली असेल तर मोकळी करा. तरी लाल राहिला तर तक्रार नोंदवायची, कंपनीच्या बिलावर छापलेल्या नंबरवर किंवा त्यांच्याच ॲपमधून.

बी-३०१: मला सगळ्यांना हेच सांगायचं आहे. बिघाड झाला की आपण घाबरतो आणि पहिला मिळेल तो नंबर फिरवतो. गुगलवरचा नंबर कोणीही टाकू शकतो, नकाशावरच्या दुकानाला नंबर चिकटवता येतो, जाहिरात विकत घेता येते. नंबर तीनच ठिकाणचा खरा धरा: कार्डाच्या मागचा, छापील बिलावरचा, कंपनीच्या अधिकृत ॲपमधला.

बी-१०४, एनीडेस्क काढून टाका. स्क्रीन शेअर करणारं दुसरं काही टाकायला लावलं होतं का तेही बघा. नंबर दिला नसला तर तेवढं पुरे.

सी-२०४: आणि दिला असता तर?

बी-३०१: तर क्रम असा. आधी त्या फोनचं वायफाय आणि डेटा दोन्ही बंद, म्हणजे त्याचा हात तुटला. दुसऱ्या फोनवरून कार्डामागच्या नंबरला फोन करून नेटबँकिंग, यूपीआय, कार्ड थांबवायला सांगा. लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, तिथून बँकांना सूचना जाते आणि पैसे पुढच्या खात्यातून काढले गेले नसतील तर गोठवता येतात. म्हणून ‘उद्या शाखेत जाऊन सांगतो’ असं करू नका. लेखी तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर. यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा नंबर), वेळ, रक्कम जवळ ठेवा. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, त्या फोनवरून नव्हे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा गाभा असा: दोष बँकेचाही नाही आणि तुमचाही नाही, आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार शून्य. ४ ते ७ कामाच्या दिवसांत कळवलंत तर भार मर्यादित. पण ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून मिनिटं मोलाची. तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

ए-२०२: याच्याच जातीचा मेसेज: ‘आज रात्री ९:३० वाजता वीज तोडण्यात येईल, मागील बिल अपडेट नाही, अधिकाऱ्याला फोन करा’. वीज खातं खाजगी मोबाईल नंबरवरून असं कळवत नाही. शंका आली तर आपलं बिल काढा, थकबाकी त्यावर छापलेली असते. हल्ली सोबत एपीके फाईल येते, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप टाकणारी फाईल. वीज बिल, लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, नावं वेगळी, फाईल तीच जात. ती टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि मग ओटीपी तुम्हाला दिसायच्या आधी त्यांना जातो.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲक्सेस, ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर, तिघांसमोरही बंद हवं. आज सगळ्यांनी बघा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर आधी.

डी-१०३: गुरुजी, चलनाची लिंक खरी की खोटी कशी ओळखायची?

ए-२०२: पत्त्यात ‘एचटीटीपीएस’च्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा. त्या रेघेच्या लगेच डावीकडे जे आहे तोच मालक. ईचलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन हा खरा. ‘परिवहन-गव्ह-इन डॉट काहीतरी डॉट कॉम’ मध्ये मालक ‘काहीतरी डॉट कॉम’. कुलपाचं चिन्ह बघून विश्वास ठेवू नका, ते फुकट मिळतं.

सी-२०४: आणि कॉम्प्युटरवर मधेच भोंगा वाजून ‘तुमचा संगणक लॉक झाला, या नंबरला फोन करा’ येतं ते?

ए-१०१: ती फक्त एक वेबसाईट असते, पूर्ण स्क्रीन केलेली. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरा, नाही गेली तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’. परत उघडताना ‘जुनी पानं आणू का’ विचारलं तर नाही म्हणा. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्सची यादी काढा, अनोळखी साईटना परवानगी असेल तर काढून टाका. रोज कोपऱ्यात येणाऱ्या ‘पाच व्हायरस सापडले’च्या पट्ट्या बहुधा तिथूनच येतात.

अँटिव्हायरस विकत घ्यायची घाई नको, विंडोजचा डिफेंडर घरासाठी पुरतो, फक्त अपडेट चालू हवेत. इथेच विंडोज १० वाल्यांनी ऐकावं: मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज आणि आर दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करा. ‘सापडले नाही’ आलं तरी लगेच मशीन टाकू नका, बऱ्याच बोर्डांत ते बायोसमध्ये बंद असतं. प्रोसेसरच फार जुना असेल तर बँकेची कामं त्यावर करू नका.

बी-१०४: कनेक्टर परत बसवला, दिवा लालच.

ए-१०१: मग वायर बाहेर तुटलीय. बिलावरच्या नंबरला तक्रार टाका, ‘एलओएस लाल’ एवढं सांगा म्हणजे ते थेट लाईनमन पाठवतील. तोवर मोबाईलचा हॉटस्पॉट. कोणी ‘मी कंपनीतून, तक्रार नोंदवायला १० रुपये भरा’ म्हणून लिंक पाठवली तर भरू नका.

सचिव: गेटच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि सोसायटीचा राऊटर एकाच बोर्डावर आहेत. गडगडाटात तेही काढायचे का?

ए-१०१: काढले तर चित्रण थांबेल, म्हणून तिथे दुसरा उपाय. डीव्हीआर यूपीएसवर, आणि मीटरजवळ झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आधी अर्थिंग तपासायला सांगा, नसेल तर प्रोटेक्टर बसवून उपयोग नाही. गच्चीवरून खाली येणाऱ्या कॅमेऱ्याच्या तांब्याच्या वायरी याच झटक्याच्या वाटा आहेत, त्यांनाही वेगळे प्रोटेक्टर मिळतात. आणि डीव्हीआरचा ‘ॲडमिन’ पासवर्ड अजून कंपनीचाच असेल तर तो आजच बदला.