मदत हवी आहे: गाडी तापली की बंद केल्यावर परत स्टार्ट होत नाही (खानापूर-बेळगाव, दुधाची गाडी)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. बाबांच्या गाडीसाठी विचारते आहे. १२५ सीसी, कार्ब्युरेटरवाली, २०१७ चं मॉडेल, सेल्फ आणि किक दोन्ही आहेत. बाबा खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज दोन वेळा बेळगावात दूध घालायला येतात. मागे दोन्ही बाजूंना कॅन. झाडशहापूर, मच्छे, पिरनवाडी मागे टाकत उद्यमबागेपासून रतीब सुरू होतो आणि टिळकवाडीत संपतो.

पहाटे गाडी गार असते तेव्हा चोक ओढला की पहिल्या किकेला चालू होते. शहरापर्यंत ओढ चांगली, अॅव्हरेजही फारसं पडलेलं नाही. अडचण रतीब सुरू झाला की येते. एका दारात गाडी बंद करायची, माप घालायचं, परत यायचं, आणि गाडी स्टार्ट होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन मात्र पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवली की काही न करता चालू होते. उतार मिळाला आणि सेकंडमध्ये टाकून ढकलली तर तापलेली असतानाही बहुतेक वेळा चालू होते. सकाळी त्रास कमी, संध्याकाळच्या फेरीला जास्त.

प्लग नवीन घातला. कार्ब्युरेटर साफ केला. एअर फिल्टर बदलला, बॅटरी चार्ज केली. फरक शून्य. आता गॅरेजवाले म्हणतात बोअर-पिस्टनचं काम निघालंय, दहा-बारा हजार लागतील. पैसे जमवता येतील, पण आजार तोच आहे याची खात्री कोणी देत नाही. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो, आणि भर उन्हात दुधाचे कॅन लावून किका मारत उभे असतात. दूध नासलं तर त्या दिवसाची कमाई गेली. आधी नेमकं काय तपासावं, कृपा करून सांगा.

निपाणी, फिटर

ताई, इंजिन अजिबात उघडायला देऊ नका. धूर निघत नाही, ओढ आहे, अॅव्हरेज आहे, तर बोअरचं नाव कशाला काढायचं?

गाडी चालू व्हायला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, करंट आणि कॉम्प्रेशन (पिस्टनने आतलं मिश्रण दाबणं). तापल्यावर यातली एक जाते आणि गार झाली की परत येते. म्हणून ही गाडी गॅरेजात गार असताना तपासून उपयोग नाही. ती रुसलेली असते त्याच दहा मिनिटांत धरायची. प्लगचा पाना, जुना पण चांगला एक प्लग आणि एक फडकं बाबांच्या पिशवीत ठेवा.

रुसली की प्लग काढून बघा. कोरडा ठक्क असेल तर पेट्रोल पोचत नाही. थबथबलेला असेल तर जास्त पोचतंय. थोडा ओलसर असेल तर पेट्रोलचं ठीक आहे. मग जादाचा प्लग कॅपमध्ये बसवून त्याची चुडी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवायचा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि ठिणगीने भडकू शकते. कॅप नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) धोका असतो. ठिणगी निळी, टच्चदिशी पडली तर करंट ठीक. पिवळी, बारीक किंवा नाहीच, तर कॉइलकडे बघायचं.

आणि एक सांगा. तापलेली गाडी बंद करून लगेच, हात न काढता परत स्टार्टर दाबला तर चालू होते का? की पाच-दहा मिनिटं उभी राहिल्यावरच अडते? यावर बरंच अवलंबून आहे.

हुक्केरी

माझं मत पेट्रोलचं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना उन्हाळ्यात हा त्रास वाढलाय असं मला वाटतं. इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पेट्रोलचे हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उडायला लागतात. चालत्या गाडीत वारा लागतो आणि थंड पेट्रोल सतत येत राहतं. गाडी बंद केली की वारा थांबतो, इंजिनची धग वर कार्ब्युरेटरला लागते आणि वाटीतलं पेट्रोल उकळून इनटेकमध्ये शिरतं. मग मिश्रण इतकं दाट होतं की पेटत नाही. अशा वेळी चोक अजिबात ओढायचा नाही, रेस पूर्ण पिळून धरायची आणि सेल्फ मारायचा. दोन-चार फेऱ्यांत जादा वाफ बाहेर जाऊन चालू झाली तर आजार हाच.

टाकीचं झाकणही बघा. त्यात हवेचं बारीक भोक असतं, ते लाल मातीने बुजतं. मग टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. अडली की झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि मिनिटभरात चालू झाली, तर खर्च शून्य.

उद्यमबाग, लेथवर काम

माझ्या गाडीला अगदी हेच होत होतं आणि शेवटी पिकअप कॉइल निघाली. मॅग्नेटच्या बाजूला असते ती, ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणारी. आतली तार केसासारखी बारीक. तापली की प्रसरण पावते, कुठेतरी तुटलेली असेल तर तिथे सुटते, करंट जातो. गार झाली की टोकं परत जुळतात. तुमची लक्षणं तीच वाटतात. मल्टीमीटरने गार असताना एकदा आणि रुसलेली असताना एकदा मोजा. बहुतेक गाड्यांत शंभर-दोनशे ओहम दाखवते, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. तापल्यावर मीटर एकदम ओपन (म्हणजे तार तुटलेली) दाखवायला लागला तर कॉइल गेली. सॉकेट सीटच्या किंवा टाकीच्या खाली सापडेल, इंजिन उघडावं लागत नाही.

चिकोडी

फ्युएल इंजेक्शनची असती तर गोष्ट वेगळी होती. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत, त्यांना वरचं कार्ब्युरेटरचं काही लागू होत नाही. कोणी आपल्या नव्या गाडीवर हे प्रयोग करू नये म्हणून लिहिलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आणि मामा दोघे बाबांबरोबर संध्याकाळच्या फेरीला गेलो. मामा उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, त्यांनी मल्टीमीटर आणला होता. गाडी ठरल्यासारखी अडली.

झाकण उघडलं, आवाज नाही, फरक नाही. रेस पूर्ण पिळून सेल्फ मारला, एकदा दोन ठसके दिले, पण पकडलं नाही. प्लग काढला तर थोडा ओलसर, पेट्रोलचा वास येत होता, थबथबलेला नाही. इंजिनच्या फिनला टेकवून बघितलं तर ठिणगी निळी आणि जाड. मामांनी दुसऱ्या प्लगवर परत खात्री केली. पिकअप कॉइलचा आकडा सकाळी गार असताना जेवढा होता त्यापेक्षा किंचित वाढला, ओपन अजिबात झाला नाही.

निपाणीच्या दादांनी विचारलं होतं तेही बघितलं. बंद करून लगेच स्टार्टर दाबला तरी चालू होत नाही. म्हणजे उभी राहण्याचा संबंध नाही, तापलेली असणं पुरतं. तापल्यावर स्लोमध्येही थरथरते आणि कधी आपोआप बंद पडते, बाबा म्हणाले.

एक गोष्ट मला स्वतःला जाणवली. सकाळी गार गाडीची किक मी हाताने दाबून बघितली होती. अर्ध्यावर अशी अडते की सगळं वजन टाकावं लागतं. संध्याकाळी तापलेल्या गाडीची किक दाबली तर तो अडसरच नव्हता. हात सरळ खाली गेला, आणि सायलेन्सरकडून हलकासा ‘सूंsss’ आवाज आला. बाबांना विचारलं तर म्हणाले, हो, तापल्यावर किक पोकळ लागते, मला वाटलं गुडघ्यामुळेच मला नीट कळत नाही.

उद्यमबाग, लेथवर काम

करंट निळा आणि कॉइल ठीक असेल तर माझं म्हणणं मागे घेतो. कॉम्प्रेशन जातंय. मामांना म्हणावं आमच्याकडून कॉम्प्रेशन गेज घेऊन जा.

निपाणी, फिटर

आता बरोबर सापडलं. बंद केल्या केल्या लगेचही चालू होत नाही, म्हणजे कार्ब्युरेटर उकळण्याची गोष्ट मागे पडली. त्यात लगेच चालू होते आणि दहा मिनिटांनी अडते. आणि उतारावर ढकलून चालू होते हे तुम्ही पहिल्याच निरोपात लिहिलंय, ते फार महत्त्वाचं आहे. ढकलल्यावर इंजिन किकेपेक्षा जोरात फिरतं, हवा गळायला वेळच मिळत नाही, म्हणून पेटतं.

आता एक विचारतो. यावर्षी कधी टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी असलेली फट) सेट केले होते का? इंजिनचा टकटक आवाज येतो म्हणून कोणी ‘टाइट’ केले होते का?

धागाकर्ती

हो दादा! दिवाळीच्या सर्व्हिसिंगला. टकटक येत होती, ती त्यांनी पूर्ण बंद करून दिली. गाडी किती मऊ वाजते म्हणून बाबा खूश होते. त्रास त्यानंतर काही आठवड्यांनी सुरू झाला, पण दोन्हींचा संबंध आमच्या डोक्यात आला नाही.

चिकोडी

टॅपेट टाइट केलं तर चांगलंच ना? सैल असलं तर आवाज येतो एवढंच आम्हाला माहीत.

निपाणी, फिटर

बघा, हाच गैरसमज जास्त इंजिनं खातो. आवाज करणारा टॅपेट सहसा कोणाचं वाटोळं करत नाही, गप्प बसलेला करतो. रॉकर (व्हॉल्व्हला दाबून उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हच्या टोकात केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. छोट्या गाड्यांत ती साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर, आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. एक्झॉस्टचा, म्हणजे जळालेला धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह इंजिनात सर्वांत जास्त तापतो. तापला की त्याची दांडी लांबते. फट असेल तर लांबायला जागा मिळते. फट नसेल तर रॉकर त्याला दाबूनच धरतो, व्हॉल्व्ह सीटवर (तो टेकतो त्या कड्यावर) पूर्ण बसत नाही, आणि कॉम्प्रेशन सायलेन्सरमधून निघून जातं. तुमचा ‘सूंsss’ तोच. दार फुगल्यावर चौकटीत बसत नाही तसं झालंय.

चालू असताना कळत नाही कारण इंजिन वेगात असतं. पण आत नुकसान चालू असतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतांश उष्णता सीटला टेकूनच सोडतो. टेकलाच नाही तर कड जळायला लागते. मग मात्र खरंच हेड उघडावं लागतं. म्हणून उशीर करू नका.

आधी गेज लावा. प्लग काढून, रेस पूर्ण पिळून, गार आणि तापलेली दोन्ही वेळा आकडा घ्या. तापल्यावर आकडा पडला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घ्या. ऑइल सोडल्यावर आकडा बराच वर गेला तर रिंगा-बोअर. नाही गेला तर व्हॉल्व्ह.

मग टॅपेट. हे काम रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण गार इंजिनवरच करायचं. तापलेल्यावर सेट करून देणारा भेटला तर गाडी परत घेऊन या. मॅग्नेट कव्हरची झाकणी काढून ‘टी’ची खूण (पिस्टन सर्वांत वर आल्याची) जुळवा, आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात का बघा. एक्झॉस्टचा हलत नसेल तर पूर्ण एक फेरी फिरवून परत बघा, पिस्टन दुसऱ्या स्ट्रोकला असू शकतो. तरी हलला नाही तर फट संपलेली आहे. फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान घालून हलकं ओढल्यासारखं लागेल इतकी फट ठेवा. लॉकनट आवळल्यावर परत एकदा पान घाला. नट आवळताना स्क्रू फिरतो आणि मेहनत वाया जाते.

धागाकर्ती

आकडे लिहिते, पुढे कोणाला उपयोगी पडतील.

गार असताना १४५ पीएसआय. रतिबात अडली तेव्हा ८०. ऑइल सोडल्यावर ८५. म्हणजे बोअर-पिस्टन नाही. हा आकडा बघून बाबा पहिल्यांदा मोकळे हसले.

सकाळी मामांनी टॅपेट कव्हर उघडलं. इनलेटला मॅन्युअलमधल्या मापाचं पान गेलं. एक्झॉस्टला आमच्या गेजमधलं सर्वांत पातळ, ०.०४ चं पानसुद्धा शिरेना, खूण दोन्ही स्ट्रोकला तपासून बघितली तरी. मापाप्रमाणे फट ठेवली, लॉकनट आवळून पुन्हा तपासली. आता इंजिनचा हलका टिकटिक आवाज येतो. शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, काय हो, गाडी आवाज करायला लागली? बाबांनी त्यांना टॅपेटची सगळी गोष्ट समजावून सांगितली.

संध्याकाळी पूर्ण रतीब करून तापलेल्या इंजिनवर गेज लावला, १४० आले. वाटेत प्रत्येक दारात बंद केली आणि सेल्फवर चालू झाली.

दादा, आता एकच प्रश्न. कड जळायला सुरुवात झाली असेल का, आणि ते कसं कळेल?

निपाणी, फिटर

तापल्यावर १४० टिकतायत म्हणजे व्हॉल्व्ह सध्या नीट बसतोय. घाबरू नका. पाचशे किलोमीटर झाले की गार इंजिनवर परत पान घाला. फट तेवढीच असेल तर दोष फक्त त्या सर्व्हिसिंगचा होता. फट परत कमी झाली असेल तर सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत चाललाय. मग हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि सीट कटिंग करून घ्या, सील नवीन घाला. त्यातही बोअरला हात लावायची गरज नाही. बेळगावात हेडचं काम चांगलं होतं, फक्त सीट कापल्यावर पेट्रोल ओतून गळती तपासून दाखवा असं आधीच सांगा.

पुढच्या सर्व्हिसिंगला कोणी ‘आवाज बंद करून देतो’ म्हणालं तर गेज काढून फट मोजून दाखवायला सांगा. गेज नसेल तर कव्हर उघडू देऊ नका.

धागाकर्ती

फिलर गेज आम्ही घरीच विकत घेतलं. पाचशे किलोमीटर बाबांचे लवकरच होतील, तेव्हा मोजून आकडा याच धाग्यावर लिहिते.