मदत हवी आहे: हॉटेलचं उरलेलं अन्न डुकरांना घालावं की बंद करावं?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात माझ्याकडे सहा माद्या आणि एक नर आहे, सगळे लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीचे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतलं उरलेलं अन्न आणतो, म्हणून धंदा परवडतो. खर्चातला मोठा वाटा खाद्याचाच, तयार खाद्यावर गेलो तर हातात काहीच उरत नाही.

पण मंगळवारी एका मादीने खाणं सोडलं. कान लालसर, अंग तापलेलं, पिल्लं आचळांना ढुसण्या देतायत आणि ती कूसही वळत नाही. रात्रभर तिच्याजवळ बसून होतो. डॉक्टरांनी रक्ताचा नमुना नेलाय. नेहमीच्या (क्लासिकल) स्वाइन फीवरची लस सगळ्यांना दिलेली आहे, पण आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा वेगळा रोग, त्यावर औषध नाही. माणसाला तो होत नाही, तरी गोठा मात्र रिकामा होतो. २०२० साली आसामात या रोगाने हजारो डुकरं मेली ते ठाऊक आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय. उष्ट्यात डुकराचं मांस असेल तर त्यातूनही तो येतो.

मी अन्न अर्धा तास उकळतो, ढवळत राहतो. तेवढं पुरतं का? पिंपं आणि टेंपो कशाने धुता? नमुन्याचा निकाल येईपर्यंत पिल्लं कुठे हलवू नये ना?

दुसरं म्हणजे सांडपाणी. पावसात ते शेजाऱ्यांच्या विहिरीकडे उतरतं, आणि त्यांची तक्रार रास्तच आहे. गोबरगॅस करून त्यातली स्लरी (पातळ खत) कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत सोडणारं कोणी आहे का? खड्डा केवढा केलात?

अगोंद गोवन ही आपली गावठी जात पाळणाऱ्यांनीही अनुभव सांगा. कमी खाद्यात ती खरंच तग धरते का?