मदत हवी आहे: करडाची शिंगं डागायची आहेत, भुलीचं इंजेक्शन किती एमएल द्यायचं?

माणदेशी_गोठा
गाव म्हसवडजवळ. शेळीला जुळी झाली, दोन्ही बोकड. काल एकाला शिंगाजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं, ते झटके येऊन गेलं. दुसऱ्याचं उद्या सकाळी करायचंय. किती एमएल द्यायचं तेवढं सांगा. लवकर सांगा, माणूस सातला येणार आहे.

कृष्णाकाठ
वाईट झालं. पण वय किती, वजन किती, औषध कोणतं? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

माणदेशी_गोठा
बधिर करायचं असतं तेच. दात काढताना देतात ते.

वाळव्याचा_बाळू
इंजेक्शनच नको. आमच्याकडे शिंगाच्या कळीवर कॉस्टिकची पेस्ट लावतात. वीस वर्षं लावतोय, एकही करडू दगावलं नाही.

जत_मेंढपाळ
बाळू, पेस्ट लावलेलं करडू आईच्या कासेला डोकं घासतं आणि कास भाजते. पावसात ती पेस्ट ओघळून डोळ्यात जाते. माझ्या एका पाटीचा, म्हणजे लहान शेळीचा, डोळा असाच गेलाय. हा सल्ला देऊ नका.

वाळव्याचा_बाळू
लावल्यावर करडू वेगळं बांधायचं असतं. तुम्ही बांधलं नसेल.

जनावरांचा_डॉक्टर
पेस्टचं नंतर भांडा. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, कोरेगाव भागात प्रॅक्टिस करतो. माणदेशी, चार गोष्टी सांगा. बाटलीवर नाव आणि टक्के काय लिहिलेत? एका शिंगाला किती एमएल दिलं? करडाचं वजन किती होतं? आणि झटके डाग द्यायच्या आधी आले की नंतर? चौथ्याचं उत्तर नक्की द्या. जास्त वेळ टेकवलेल्या सळईची धग कवटीतून मेंदूपर्यंत जाते, त्यानंही करडू जातं.

माणदेशी_गोठा
बाटली शोधली. लिग्नोकेन २ टक्के, ३० एमएलची. दोन्ही बाजूंना दोन-दोन एमएल. वय १२ दिवस, वजन केलं नव्हतं, दुसरं आत्ता धान्याच्या काट्यावर ठेवलं तर साडेतीन किलो. डाग दिलाच नाही. सळई तापत होती तोवर ते थरथरायला लागलं, मान मागे टाकली, पाय ताठ केले आणि श्वास थांबला. पाचेक मिनिटांत सगळं संपलं. देणारा माणूस डॉक्टर नाही, गाईगुरांना सुया टोचतो. गाईला तो दहा-दहा एमएल देतो.

जनावरांचा_डॉक्टर
म्हणजे सळईचा संबंध नाही. हिशोब करून दाखवतो. २ टक्के म्हणजे एका एमएलमध्ये २० मिलिग्रॅम औषध. चार एमएल म्हणजे ८० मिलिग्रॅम. साडेतीन किलोवर किलोला जवळपास २३ मिलिग्रॅम पडले. करडाला किलोमागे ५ च्या वर जायचं नाही असं आम्ही पाळतो. म्हणजे पूर्ण अंगाला १७ मिलिग्रॅम, एक एमएलसुद्धा नाही. दहा एमएल चारशे किलोच्या गाईला काहीच नाही.

त्यात दुसरी गोष्ट. सुई घातल्यावर पिस्टन मागे ओढून पाहिला होता का? रक्त आलं की सुई शिरेत आहे. तिथे थोडं औषधही थेट मेंदूवर आणि हृदयावर जातं.

पुण्यातली_मनी
मग बुपिव्हाकेन द्या ना. आमच्या कुत्र्याला ऑपरेशनला दिलं होतं, कित्येक तास दुखलं नाही.

जनावरांचा_डॉक्टर
नको. त्याची मर्यादा लिग्नोकेनपेक्षा पुष्कळ खाली आहे, आणि शिरेत गेलं तर हृदय असं बंद पडतं की परत चालू करणं अवघड. १२ दिवसांच्या करडावर हा प्रयोग नको.

कृष्णाकाठ
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या म्हशीला मागच्या पावसाळ्यात मायांग बाहेर आलं तेव्हा डॉक्टरांनी शेपटीच्या मुळाशी इंजेक्शन दिलं आणि ती दोन तास बसूनच राहिली. तेही जास्त झालं होतं का?

जनावरांचा_डॉक्टर
शक्यता आहे. शेपटीच्या मुळाशी थोडं औषध दिलं तर फक्त मागचा भाग बधिर होतो. जास्त दिलं की ते पुढे सरकून मागच्या पायांतलं बळ जातं. औषध उतरल्यावर म्हैस उठते, फक्त तोवर ती घसरून पाय फाकवू नये म्हणून खाली गवत टाकावं.

माणदेशी, तुमच्याकडे येतो. शेळीच्या प्रत्येक शिंगाला दोन नसा असतात, एक डोळ्याच्या मागून जाते, दुसरी आतल्या कोपऱ्याच्या वरून. गाईला मुख्य एकच. गाईचा हात बसलेला माणूस एकीवरच भरपूर टोचतो, करडू तरी ओरडतं, मग तो आणखी टोचतो. आम्ही पाऊण एमएलमध्ये तेवढंच सलाईन मिसळून ते पातळ करतो आणि एक एमएलच्या सिरिंजने चार जागी वाटतो. मग पाच-दहा मिनिटं थांबतो. हे तुम्ही करावं म्हणून सांगत नाही, उद्या येणाऱ्याला विचारता यावं म्हणून सांगतो. झटके आलेच तर आवरायचं औषध आणि श्वास द्यायची सोय जवळ असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरकडूनच करून घ्या. १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, किंवा तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जा.

वाळव्याचा_बाळू
धनुर्वाताचं इंजेक्शनही द्यायला सांगा. पेस्टवाला असलो तरी हे मी पाळतो.

जत_मेंढपाळ
हे बरोबर बोललात. आणि मुळात बोकडच आहेत, मटणासाठी विकणार असाल तर शिंगं काढायचीच कशाला?

माणदेशी_गोठा
मोठं झाल्यावर शिंगं शेजारच्या गोठ्याच्या जाळीत अडकतात. गेल्या वर्षी एक रात्रभर अडकून गेलं, म्हणून.
डॉक्टर, म्हणजे काल आमच्याच हातनं मेलं?

जनावरांचा_डॉक्टर
औषध जास्त झालं, हे खरं. पण तुम्हाला ते कळायला मार्ग नव्हता. सातच्या माणसाला आत्ताच फोन करून नको म्हणा.

माणदेशी_गोठा
केला. तो चिडलाय. उद्या करडू टोपलीत घालून दहिवडीच्या दवाखान्यात नेतोय. वजन चिठ्ठीवर लिहून घेतलंय, साडेतीन किलो.