पोलोन्नरुवा की अनुराधपूर? आईसोबत एकच दिवस

रानपाखरू:
मंडळी, पुढच्या महिन्यात आईला श्रीलंकेला नेतेय. वय 68, गुडघे कुरकुरतात. रोज त्रिशरण म्हणणारी बाई, तिला अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायचाय. मला मात्र पोलोन्नरुवाचे अवशेष खुणावताहेत. मुक्काम दोन्हींच्या मधे, हबरनाला. मोकळा दिवस एकच. दोन्ही उरकतील का?

चकवाचांदण:
उरकतील, पण मग ते उरकणंच होईल. मी बाबांना घेऊन पोलोन्नरुवाला गेले होते. आमची चूक ही की पोचलो साडेअकराला. पवित्र जागी चपला आणि टोपी दोन्ही काढायची असतात. वटदागे म्हणजे स्तूपाभोवतीचं गोल देऊळ, त्याचा दगडी चौथरा तोवर तवा झालेला. चार दारांकडे तोंड करून चार बुद्ध शांत बसलेत आणि मधून बाबा टुणटुण उड्या मारत सावली शोधताहेत! मोजे चालतात, जाडच न्या.

चढण्याआधी पायरीशी असलेली अर्धगोल चंद्रशिळा वाकून बघा. अनुराधपुरात तिच्यावर हत्ती, घोडा, सिंह, बैल अशी ओळ असते. इथे बैल गायब. 1070 पर्यंत पन्नासेक वर्षं इथे चोळांचं राज्य होतं, त्यांची शिवमंदिरंही आहेत. नंदीवर पाय पडू नये म्हणून बैल वगळला, असं सांगतात.

राजवाड्याच्या जाड भिंती चालता चालता बघितल्या तरी पुरे. गलपोता या कोरीव शिलालेखाशी मात्र हसू येतं. निश्शंकमल्ल राजाने 25 टनांच्या शिळेवर स्वतःची स्तुती कोरून घेतली, वर ती शिळा पार अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेहून आणवली हेही त्यातच लिहिलं. आपल्या चौकातल्या फ्लेक्सचा मूळपुरुष!

सगळा वेळ ठेवा तो गल विहाराला. एकाच खडकात कोरलेल्या मूर्ती, त्यांतले पहुडलेले बुद्ध 14 मीटर लांब. पावलांपाशी थांबा. वरचं पाऊल किंचित मागे सरकलंय, म्हणजे ही झोप नव्हे, महापरिनिर्वाण. डोक्याच्या भाराने उशी दबलीय, तीही दगडात. बाबा तिथून हलेनात.

पिंपळपान७:
ताई, सगळं खरं, पण प्रश्न आईंचा आहे. अनुराधपूरच करा. जय श्री महाबोधी म्हणजे सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने बुद्धगयेहून आणलेल्या फांदीचं झाड. सोनेरी टेकूंवर फांद्या तोललेल्या आहेत. आईंना पांढरी साडी घेऊ द्या, तिथेही सगळे पांढऱ्यात असतात. माझ्या मावशीने त्रिशरण सुरू केलं तर शेजारच्या सिंहली आजींनी सूर लावला. पाली तीच ना! शेवटी दोघी "साधु, साधु, साधु" म्हणाल्या आणि हात धरून बसल्या. एकमेकींची भाषा शून्य. फक्त पौर्णिमा टाळा, त्या दिवशी फार गर्दी उसळते. आणि मूर्तीकडे पाठ करून सेल्फी नको, तिथे तो अपमान समजतात.

चकवाचांदण:
मान्य. मी आपल्याच बाबांच्या आठवणीत वाहवत गेले.

रानपाखरू:
ठरलं, अनुराधपूर, पहाटेच निघतो. आईला मोज्यांचं सांगितलं तर म्हणते, "बुद्धासमोर मोजे घालून उभी राहू? पाय भाजले तर भाजले." जोडी तरीही तिच्या पिशवीत सरकवलीय.